तळमजल्यापासून खाली

तोलेदोत घराची दुरुस्ती काढणं म्हणजे इतिहासाला जेवायला बोलावणं. तो येतो, बसतो आणि मग उठायचं नाव घेत नाही. कोणी न्हाणीघराची फरशी उखडली की शेजारी पहिला प्रश्न विचारतात, "कोण निघालं? रोमन की अरब?" काहीच निघालं नाही म्हटलं तर त्यांना वाटतं, हा लपवतोय. बहुतेक वेळा त्यांचं बरोबर असतं.

आमच्या सोसायटीने लिफ्ट बसवायचं ठरवलं त्या वर्षी अध्यक्षपद माझ्याकडे होतं. ते दरवर्षी एकेक मजला वर सरकतं आणि कोणालाच नको असतं. मी दुसऱ्या मजल्यावर राहते आणि शाळेत पदार्थविज्ञान शिकवते, त्यामुळे मला यंत्रांतलं कळत असेल असा सगळ्यांचा समज झाला. मी तो खोडून काढला नाही.

लिफ्ट खरं तर एकाच माणसासाठी हवी होती. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन्या लेओकादियांसाठी; 'दोन्या' म्हणजे आमच्याकडचं 'बाईसाहेब'. खुब्याचं हाड मोडून ते बसवून घरी आल्यापासून त्या काठी घेऊन घरातल्या घरात हिंडायच्या, लसणीचं सूप करायच्या, बाल्कनीतून खालच्या पाववाल्याशी हुज्जत घालायच्या. पण जिन्याच्या तोंडाशी आल्या की पाय उचलत नसे. आमचा जिना दगडी आहे. पायऱ्या मधोमध झिजून बशीसारख्या झाल्यात. पर्यटक दारातून डोकावून त्याचे फोटो काढतात. ते तो चढत नाहीत, म्हणून त्यांना तो आवडतो.

"उचलून नेतो की तुम्हाला," आमचा कंत्राटदार एव्हारिस्तो त्यांना म्हणायचा. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात देवमातेची मूर्ती खांद्यावरून नेणाऱ्या मंडळींचा तो म्होरक्या. "अख्खी देवमाता चढावर नेतो आम्ही, दागिन्यांसकट. तुमचं काय वजन!"

"खांद्यावरून मूर्ती नेतात नाहीतर प्रेत," दोन्या लेओकादिया म्हणायच्या. "मी अजून दोन्हीतली नाही."

त्यांचा मुलगा फेर्मिन माद्रिदला असतो. तो रविवारी येई, जिना चढून धापा टाकी आणि त्या धापेतच विषय काढी. एका रविवारी मी पाव द्यायला वर गेले तेव्हा विषय चालूच होता.

"आई, नदीपलीकडच्या नव्या वस्तीत फ्लॅट बघितलाय. दोन लिफ्ट आहेत."

"दोन कशाला?"

"एक बंद पडली तर दुसरी."

"म्हणजे बंद पडतात."

"आई!"

"खिडकीतून काय दिसतं?"

"समोरची इमारत."

"आणि तिच्या खिडकीतून?"

फेर्मिनने माझ्याकडे पाहिलं. मी पाव टेबलावर ठेवला.

"हे बघ," तो म्हणाला, "तीन वर्षं झाली, तू या घराबाहेर पडलेली नाहीस. पुढच्या कोर्पुसपर्यंत तू रस्त्यावर उतरू शकलीस तर ठीक, राहा इथे. नाहीतर कोर्पुसच्या दुसऱ्या दिवशी सामान हलवायचं. निएवेस, तू साक्षीदार."

कोर्पुसचं नाव त्याने मुद्दाम घेतलं नसावं, पण नेम बरोबर बसला. कोर्पुस हा उन्हाळ्याच्या तोंडावरचा आमचा सगळ्यात मोठा सण, आणि त्याची मिरवणूक आमच्या गल्लीतून जाते. तिच्या आधी काही आठवडे गल्लीवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पांढरी कापडं ताणतात, खालून जाणाऱ्या देवाला ऊन लागू नये म्हणून. आमच्याकडे ती कापडं दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये येतात. म्हणजे तीन वर्षं दोन्या लेओकादियांनी मिरवणूक वरून पाहिली. म्हणजे कापड पाहिलं. ढोल ऐकला, वाटेवर पसरून पायांखाली चुरडलेल्या रानपुदिन्याचा वास घेतला, घंटा वाजली तेव्हा डोकं झुकवलं. दरवर्षी त्या काळा पोशाख करायच्या, डोक्यावर जाळीचा रुमाल घ्यायच्या, बाल्कनीवर आईची भरतकाम केलेली शाल पसरायच्या आणि खुर्चीवर बसायच्या.

"खालून देव जातोय आणि मी चादर बघत बसलेय," त्या म्हणायच्या.

त्यांची जागा खाली होती. दाराच्या उजव्या अंगाला, गवती बैठकीच्या खुर्चीवर, लग्न होऊन या घरात आल्यापासून. ती जागा आता कासिल्दाने घेतली होती. कासिल्दा कोपऱ्यावरच्या मार्झिपानच्या, म्हणजे बदामाच्या मिठाईच्या, दुकानाची मालकीण, दोन्या लेओकादियांची शाळेपासूनची मैत्रीण. दोघी रोज फोनवर बोलायच्या. कोर्पुसच्या संध्याकाळी कासिल्दाचा फोन लवकर यायचा. "तुझ्या जागेवरून काय छान दिसतं गं, लेओ! मला माहीतच नव्हतं."

तर सभा झाली. ती तिसऱ्या मजल्याच्या जिन्यावर घेतली, म्हणजे दोन्या लेओकादियांना मत देता यावं. लिफ्ट चौकातून, लाकडी सज्ज्यांच्या कडेने वर न्यायची असं ठरलं. परवाना मिळाला, अनुदान मिळालं आणि शरदात एव्हारिस्तोने चौकातल्या फरशा उचलल्या.

जुन्या शहरात खड्डा खणायचा तर पुरातत्त्वाचा माणूस हजर असावा लागतो. आमच्या वाट्याला बेर्ता आली. ती उत्तरेकडची, तरुण, मन लावून काम करणारी. सबंध सकाळ ती खड्ड्याच्या काठावर उभी असे. पण अकरा वाजता तीही कॉफी प्यायला जाई, कारण अकरा वाजता या देशात सगळेच जातात. ती गेली आणि एव्हारिस्तोची पहार कशावर तरी वाजली.

त्याने मला हाक मारली. मी त्या दिवशी घरी होते. खड्ड्यात, गुडघाभर मातीखाली, एक पायरी होती. तिच्याखाली दुसरी. तासलेल्या दगडाच्या, कडा शाबूत असलेल्या, पायऱ्या. त्या खाली अंधारात जात होत्या आणि तिथून गार, ओलसर हवा येत होती.

जिन्यापासून सुटका व्हावी म्हणून आम्ही खणलं आणि आम्हाला जिना सापडला होता.

"बाई," एव्हारिस्तो हळू आवाजात म्हणाला, "तुम्ही काय पाहिलंत?"

मी प्रयोगवहीत जे दिसेल तेच लिहा असं मुलांना शिकवते. पण वर तिसऱ्या मजल्याच्या सज्ज्याच्या कठड्यावर दोन हात आणि एक पांढरं डोकं दिसत होतं.

"माती," मी म्हणाले.

"मलाही मातीच दिसतेय." त्याने फळ्या टाकल्या, वर वाळू पसरली. "खड्डा हातभर डावीकडे सरकवू. जिना राहील जिथे आहे तिथे, त्याला काय घाई नाही. सोमवारी काँक्रीट ओततो. एकदा काँक्रीट सुकलं की मग रोमन येवोत नाहीतर त्यांचा सम्राट."

दोन्या लेओकादियांना मी सगळं सांगितलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि मला मार्झिपानचा तुकडा दिला. बेर्ता कॉफी पिऊन परत आली तेव्हा खड्डा अगदी निर्मळ दिसत होता. आमच्या शहरात हे पाप मोजत नाहीत. जवळजवळ प्रत्येक काँक्रीटखाली कोणी ना कोणी गप्प पडून आहे.

सोमवार यायच्या आत रविवार आला आणि रविवारी कासिल्दाचा फोन आला. मी तिथेच होते, दोन्या लेओकादियांच्या कुंड्यांना पाणी घालत होते. कासिल्दाचा आवाज फोनबाहेर ऐकू येतो.

"लेओ, आज माझ्या तळघरात कोण आलं होतं सांगू? जपानची माणसं! माझ्या कमानीपुढे उभं राहून हात जोडले गं त्यांनी."

तोलेदोत कोणाचं घर किती मोठं हे कोणी विचारत नाही. कोणाचं तळघर किती जुनं हे विचारतात. कासिल्दाच्या दुकानाखाली विटांची एक कमान आहे. तिच्यावर काच बसवलीय, दिवा सोडलाय आणि गिऱ्हाईक मार्झिपान घेतं तेव्हा पायांखाली तिला बघतं. दोन्या लेओकादिया पंधरा वर्षं त्या कमानीबद्दल ऐकत आल्या होत्या.

"तज्ज्ञ म्हणाले, गल्लीत हिच्याइतकं जुनं काही नाही," कासिल्दा सांगत होती. "तुमच्याकडे खणताय म्हणे? काही निघणार नाही बघ. तुमच्या बाजूला नुसती भर टाकलेली माती आहे, माझे आजोबा सांगायचे."

मी झारी खाली ठेवली. दोन्या लेओकादियांची मान ताठ झाली होती.

"विटांची ना तुझी कमान?" त्या म्हणाल्या.

"हो."

"आमचा दगडाचा आहे."

"काय दगडाचा?"

"जिना. खाली अंधारात जाणारा. तुझी कमान त्याची नात शोभेल इतका जुना."

त्यांनी फोन ठेवला तेव्हा चेहऱ्यावर पंधरा वर्षांचं समाधान होतं. ते माझ्याकडे बघून हळूहळू उतरत गेलं.

"कासिल्दा कोणाला सांगायची नाही," त्या म्हणाल्या.

कासिल्दाने कोणालाच मुद्दाम सांगितलं नाही. दुकानात रविवारची रांग होती, तिने फक्त रांगेला सांगितलं.

शहराचा वारसा सांभाळणारी एक समिती आहे. तिचं नाव एका श्वासात संपत नाही म्हणून लोक तिला नुसतं समिती म्हणतात. सोमवारी काँक्रीटच्या गाडीआधी समितीची गाडी आली. सचिव सेन्योर सातुर्निनो खड्ड्यात उतरले, हातमोजे काढून पायरीवर तळहात ठेवला आणि बराच वेळ तसेच राहिले. बेर्ता त्यांच्यामागे उभी होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग एव्हारिस्तोकडे. एव्हारिस्तो म्हणाला, "आश्चर्यच आहे! काल इथे नव्हता."

काम थांबलं. हिवाळाभर चौकात प्लास्टिकचं छप्पर होतं आणि त्याखाली बेर्ता छोट्या ब्रशने पायऱ्या झाडत होती. तिच्यावर राग धरणं अवघड होतं. थंडीने तिची बोटं सुजायची, आणि दोन्या लेओकादियाच दोरीला टोपली बांधून वरून तिला गरम सूप सोडायच्या. "खड्ड्यातली पोर उपाशी आहे," म्हणायच्या.

वसंताच्या तोंडाशी निर्णय आला. सेन्योर सातुर्निनो तो सांगायला स्वतः आले. जिना अरबांच्या काळातला, खाली पाण्याची टाकी, सगळं अपूर्व. ते लोकांना पाहता आलं पाहिजे. जिन्यावर मोकळं आकाश राहिलं पाहिजे, त्यामुळे चौकातून वर काहीही जाणार नाही.

"म्हणजे लिफ्ट नाही," मी म्हणाले.

"असं कसं!" ते जवळजवळ दुखावले. "लिफ्ट होणारच. लोकांसाठी उघडं असलेलं प्रत्येक प्राचीन स्थळ पायाने अधू माणसालाही पाहता आलं पाहिजे. कायदा आहे. खर्च समितीचा. आणि निधी जूनच्या आत संपवायचाय, म्हणजे कोर्पुसच्या आधी तयार."

"कुठपासून कुठपर्यंत?"

"तळमजल्यापासून खाली. टाकीपर्यंत."

"आणि वर?"

त्यांनी मान वर करून सज्ज्यांकडे पाहिलं. "वर काय आहे?"

"माणसं."

"राहणारी?"

"हो."

"मग ते पाहण्याजोगं स्थळ होत नाही," ते म्हणाले. खवचटपणा अजिबात नव्हता. ते खरंच विचार करून बोलत होते.

मी वर जाऊन हे सांगितलं. दोन्या लेओकादियांनी खाली चौकाकडे पाहिलं. मला वाटलं, आता रडतील.

"म्हणजे मी हजार वर्षं खाली पडून असते," त्या म्हणाल्या, "तर मला लिफ्ट मिळाली असती."

फेर्मिनने फोनवर फक्त "मी म्हटलंच होतं" एवढं म्हटलं आणि नदीपलीकडच्या फ्लॅटला पडदे शिवायला टाकले.

त्यानंतर एक गोष्ट घडली, ती मला त्या वेळी किरकोळ वाटली. समितीला लिफ्टशेजारी एक खोली हवी होती, पाहुण्यांनी टेकायला, हात धुवायला. चौकालगत तशी एकच होती: तिसऱ्या मजल्याच्या वाट्याची कोळशाची खोली. कोळसा जाऊनही तिला जमाना झाला होता. सेन्योर सातुर्निनो घाबरत घाबरत वर गेले. म्हातारी नाही म्हणणार, अशी त्यांची खात्री होती.

"वापरायला देते," दोन्या लेओकादिया म्हणाल्या. "विकत नाही. खोली माझीच."

"अर्थात, अर्थात! सकाळपुरतीच लागेल."

"रस्त्याच्या बाजूला कोळसा टाकायचं भोक आहे. तिथे नीट खिडकी करा. पाहुण्यांना उजेड लागतो."

"करू."

"आणि थंडीत ऊब हवी. पाहुणे थंड देशातले असले तरी त्यांना सवय घरात ऊब असण्याची असते."

"अगदी बरोबर!"

"गरम पाणी? मोरीत धरायला दांडे? दार रुंद?"

"ते तर कायद्यानेच," सेन्योर सातुर्निनो म्हणाले आणि हे सगळं कागदावर लिहून त्यांनी खाली सही केली. जाताना ते मला म्हणाले की समितीला अशा जाणत्या नागरिकांची फार गरज आहे.

काम एव्हारिस्तोलाच मिळालं. तो रोज वर येऊन विचारायचा, कारण दोन्या लेओकादियांना सगळ्यात मत असायचं. कडी आतून हवी. उंबरा नको. विजेचं बटण इतकं उंच कशाला, पाहुणे काय जिराफ आहेत? मग त्या मला एकेक वस्तू खाली न्यायला सांगू लागल्या. गालिचा, पाहुण्यांच्या पायांना. दिवा, पाहुण्यांच्या डोळ्यांना. जिरेनियमची कुंडी. कॉफीचं भांडं नेताना मला शंका आली. एव्हारिस्तो गादी घेऊन उतरताना दिसला तेव्हा शंकाच उरली नाही.

"पाहुणे दमतात," तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

कोर्पुस जवळ आला. गल्लीवर कापडं चढली. सेन्योर सातुर्निनो पुन्हा एकदा वर आले, या वेळी खुर्ची मागून बसले आणि श्वास परत येईपर्यंत थांबले.

"दोन्या लेओकादिया, एक अडचण आहे. लिफ्टचं उद्घाटन आहे. छायाचित्रात ती जिच्यासाठी बांधली तशी व्यक्ती हवी."

"कशी?"

"म्हणजे... जिना न चढता येणारी. शहरात तशी माणसं आहेत, पण त्यांना आमच्या, म्हणजे तुमच्या गल्लीपर्यंत येता येत नाही. चढ आहे ना. आणि गोटे."

"हं."

"तुम्ही मात्र इथेच आहात."

"मी इथेच आहे," दोन्या लेओकादियांनी मान्य केलं. "किल्ली कोणाकडे राहणार?"

"घरातल्याच एखाद्या जबाबदार व्यक्तीकडे द्यायचा विचार आहे. सकाळी उघडायचं, दुपारी बंद करायचं."

"माझ्याकडे द्या."

"पण तुम्ही तर वर..."

"तुम्ही उद्घाटनाचं बघा."

त्यांनी एव्हारिस्तोला बोलावलं. तो टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"आण तुझी माणसं," त्या म्हणाल्या. नजर भिंतीकडे होती. हे म्हणायला त्यांना किती जड गेलं असेल ते मला दिसत होतं, आणि एव्हारिस्तोलाही. त्याने थट्टेवर नेलं.

"मूर्ती म्हणून की प्रेत म्हणून?"

"मूर्ती. हळू नेता ना तिला?"

उद्घाटनाच्या दिवशी चार दांडगे बाप्ये आले. खुर्चीला दोन वासे बांधले. दोन्या लेओकादिया काळ्या पोशाखात, डोक्यावर जाळीचा रुमाल, मांडीवर काठी आडवी धरून बसल्या. एव्हारिस्तोने मूर्ती उचलताना करतात तशी वाशावर थाप मारली आणि ओरडला, "वर! सगळे एकदम!" मग पायरीपायरीने, डावा पाय, उजवा पाय, वळणावर थांबून. सामान्यतः उतरवणं सोपं असतं, गुरुत्वाकर्षण आपल्या बाजूला असतं. पण ती माणसं घामाने भिजली होती, कारण मध्येच वरून आवाज यायचा, "भिंतीला घासू नका, चुना लागेल."

चौकात टाळ्या वाजल्या. फोटो निघाले. दोन्या लेओकादियांना लिफ्टमध्ये बसवून खाली नेलं. मी आणि बेर्ता बरोबर होतो. खाली दिव्यांच्या उजेडात जिना चढत होता आणि चौकातल्या मोकळ्या आकाशाखाली संपत होता. पाणी काळं, स्थिर.

"कुठे जातो हा?" त्यांनी बेर्ताला विचारलं.

"कुठेच नाही आता. पूर्वी पाणी न्यायला बायका उतरायच्या."

"आणि भरलेले हंडे घेऊन चढायच्या." त्यांनी काठीने सगळ्यात खालच्या पायरीला एकदा टोकलं. "त्यांना कोणी लिफ्ट केली नाही."

वर आलो. भाषण झालं. पाहुणे पांगले. एव्हारिस्तोने हाताला थुंकी लावली आणि वासे धरले. "चला दोन्या, आता घरी."

"मी घरीच आहे."

"वर, म्हणजे."

"खाली न्या, म्हटलं होतं. वर न्या असं मी कधी म्हटलं?"

त्या उठल्या. स्वतःच्या पायांवर, काठी टेकत, उंबरा नसलेल्या रुंद दारातून कोळशाच्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. आतून कडी बसल्याचा आवाज आला. सेन्योर सातुर्निनोंचा कागद हातातच राहिला.

"असं करता येत नाही," ते म्हणाले. "हे लोकांसाठीचं स्थळ आहे."

"सकाळपुरतं," मी म्हणाले. "बाकी खोली त्यांची. तुमची सही आहे."

ते दोन दिवस नियम चाळत होते. मग निरोप आला की स्थळी कोणी राहत असेल तर रखवालदार नेमावा लागत नाही, आणि समिती या दूरदृष्टीबद्दल आभारी आहे.

कोर्पुसला सकाळी मी खाली आले तेव्हा दाराच्या उजव्या अंगाला गवती बैठकीची खुर्ची होती आणि तिच्यात दोन्या लेओकादिया. मागे, पूर्वीच्या कोळशाच्या भोकातून, म्हणजे नव्या खिडकीतून, आईची शाल लोंबत होती. समोर घडीची खुर्ची काखेत मारून कासिल्दा उभी होती.

"लेओ! अगं... तू खाली?"

"दिसत नाही का?"

"मी नेहमी इथे बसते ना..."

"बसायचीस. आता तिकडे बस. नाही, तिकडे नाही, तिथे खांब आहे. त्याच्या मागे."

"खांबामागून काय दिसणार?"

"मी सांगेन तुला," दोन्या लेओकादिया म्हणाल्या. "संध्याकाळी फोन करून."

कासिल्दाने खुर्ची उघडली ती मात्र त्यांच्या अगदी शेजारी, आणि पिशवीतून मार्झिपानचा डबा काढला. दोघींनी एकेक घेतला. बदामाचं प्रमाण कमी झालंय यावर त्यांचं तिथल्या तिथे भांडण झालं. फोनवर ते इतकं नीट कधी होत नव्हतं.

फेर्मिन मिरवणुकीच्या तोंडावर पोचला. त्या दिवशी गाड्या तटाबाहेर ठेवाव्या लागतात. तो चालत चढून आला होता. हातात पडद्यांचे नमुने होते. आईला रस्त्यात बसलेली बघून तो थबकला.

"कोर्पुसपर्यंत रस्त्यावर उतरले तर, असं म्हणाला होतास," त्या म्हणाल्या. "निएवेस साक्षीदार आहे."

"आई, पण तू कोळशाच्या खोलीत राहणार?"

"कोळसा तुझ्या आजोबांच्या वेळचा. आता तिथे गरम पाणी आहे. तुझ्या माद्रिदच्या घरापेक्षा जास्त."

"आणि तो फ्लॅट? मी शब्द दिलाय तिथे."

"तू राहा. दोन लिफ्ट आहेत म्हणतोस."

तो माझ्याकडे वळला. मी साक्षीदारासारखी मान हलवली. मग तोफा झाल्या, ढोल आला, रानपुदिन्यावरून पावलं आली. घंटा वाजली तेव्हा दोन्या लेओकादियांनी फेर्मिनचा दंड धरला आणि उभ्या राहिल्या. ज्यात देव ठेवतात तो सोन्या-चांदीचा उंच मनोरा अगदी त्यांच्या पुढ्यातून, हाताच्या अंतरावरून गेला. त्या रडल्या नाहीत. त्यांनी तो वरपासून खालपर्यंत नीट पाहिला, आपल्या मागे कोणी काही बदललं तर नाही हे तपासावं तसा.

मिरवणूक गेल्यावर त्यांनी मान वर केली. "निएवेस, माझी बाल्कनी कुठे?"

"कापडाच्या वर."

"इथून दिसतच नाही?"

"नाही."

"तीन वर्षं मी डोक्यावर रुमाल घेऊन बसत होते तिथे." त्या कासिल्दाकडे वळल्या. "तुम्हाला काय वाटायचं, मी काय करत असेन?"

"आम्हाला वाटायचं, झोपली असशील," कासिल्दा म्हणाली आणि डबा पुढे केला.

संध्याकाळी गल्लीत चुरडलेला पाला उरला होता. दोन्या लेओकादियांनी गळ्यातल्या दोरीची किल्ली फिरवून टाकीचं दार बंद केलं आणि खुर्ची आत ओढत होत्या, तेवढ्यात एक परदेशी जोडपं आलं. आजचं पाहणं संपलं, उद्या सकाळी या, असं त्यांनी हातवाऱ्यांनी सांगितलं. बाईने त्यांच्या मागे, आमच्या झिजलेल्या जिन्याकडे बोट दाखवलं. वर काय आहे, तिने विचारलं.

मी पाव घेऊन त्याच जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी होते.

"वर?" दोन्या लेओकादिया म्हणाल्या. "वर बघण्यासारखं काही नाही. माणसं राहतात."